घरच्या चार्जिंगला कुठला कनेक्टर? गाडीकडचं टोक ठरलेलं असतं, भिंतीकडचं तुम्ही ठरवायचं

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशकात पाथर्डी फाट्याजवळ रो हाऊस आहे, सिंगल फेज मीटर आहे आणि चाळीस युनिटच्या आसपास बॅटरी असलेली इलेक्ट्रिक गाडी बुक झाली आहे. शोरूमवाले म्हणतात, साडेसात किलोवॅटचा वॉल बॉक्स, म्हणजे भिंतीवरचा चार्जर, बसवू. नेहमीचा वायरमन म्हणतो, पंधरा अँपियरचा पॉइंट काढून देतो, तेवढा पुरे. अंबडला कंपनीत असलेला मित्र म्हणतो, निळा इंडस्ट्रियल सॉकेट लावून मोकळा हो. यातलं कोणाचं ऐकायचं? शिवाय भाऊ इंदिरानगरला सोसायटीत राहतो, त्याने काय करावं? आणि घरातली वडिलांची इलेक्ट्रिक स्कूटर त्याच पॉइंटवर लावता येईल का?

मी नाशकात घरांची आणि छोट्या कारखान्यांची वायरिंगची कामं करतो. गेल्या काही वर्षांत गाडीच्या चार्जिंगची कामं सतत येत आहेत. तिघांनीही सांगितलेलं अर्धं बरोबर आहे. पण तिघंही तुमच्या घरातली वायरिंग न बघता बोलत आहेत, आणि सगळा निर्णय तिथेच होतो.

आधी गाडीकडचं टोक, कारण ते लवकर संपतं. भारतात आज विकल्या जाणाऱ्या जवळजवळ सगळ्या नव्या इलेक्ट्रिक चारचाकींना एसी चार्जिंगसाठी, म्हणजे घरात येते त्या विजेवरच्या चार्जिंगसाठी, टाईप २ हाच कनेक्टर असतो: टाटा, महिंद्रा, एमजी, ह्युंदाई, बीवायडी, कोणतीही घ्या. गोल, वरून थोडा चपटा, आत सात पिना. मूळचा जर्मनीतल्या मेनेकेस कंपनीचा, पुढे युरोपने मानक केला आणि आपल्याकडेही तोच रुळला. त्याच्या खाली आणखी दोन जाड पिना जोडल्या की सीसीएस २ होतो. तो बॅटरीला थेट डीसी वीज देणाऱ्या रस्त्यावरच्या फास्ट चार्जरसाठी असतो, घरी त्याचा संबंध नाही. गाडीच्या झाकणाखाली दोन्ही भाग एकत्र दिसतात. घरी फक्त वरचा भाग वापरायचा.

टाईप १ हा अमेरिका-जपानकडचा, तो इथे विसरून जा. ऑनलाइन स्वस्त केबल दिसली म्हणून मागवू नका. एकाच बाबतीत सावध राहा. टॅक्सी किंवा सरकारी ताफ्यात चाललेली जुनी गाडी सेकंड हँड घेत असाल, तर झाकण उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. २०१७ च्या सुमाराला आलेल्या भारत डीसी-००१ या पद्धतीत चिनी जीबी/टी कनेक्टर आणि १५ किलोवॅटची मर्यादा होती. ई-व्हेरिटो आणि ताफ्यातल्या सुरुवातीच्या टिगोर त्या काळातल्या आहेत. आजच्या हायवेवरच्या सीसीएस २ चार्जरवर त्या लागत नाहीत.

म्हणजे तुम्हाला निवडायचं आहे ते भिंतीकडचं टोक. पर्याय तीनच: साधा तीन पिनचा १६ अँपियरचा सॉकेट आणि गाडीसोबत आलेला पोर्टेबल चार्जर, किंवा तोच चार्जर निळ्या इंडस्ट्रियल सॉकेटवर, किंवा भिंतीवर कायमचा बसवलेला टाईप २ चा वॉल बॉक्स.

यातला फरक वेगाचा आहे असं सगळे समजतात. माझ्या मते खरा फरक सुरक्षिततेचा आहे.

टाईप २ मध्ये सात पिना का आहेत ते बघा. तीन फेजच्या तीन, एक न्यूट्रल, एक अर्थ (अर्थिंगची), आणि उरलेल्या दोन छोट्या पिना फक्त बोलण्यासाठी. त्यातली एक, कंट्रोल पायलट, बॉक्स आणि गाडी यांच्यात एक किलोहर्ट्झचा संकेत नेते. तो संकेत किती टक्के वेळ चालू आहे त्यावरून गाडीला कळतं की किती अँपियर ओढायची परवानगी आहे. २७ टक्क्यांच्या आसपास असेल तर १६ अँपियर, ५३ टक्के असेल तर ३२ अँपियर. दुसऱ्या पिनेत एक रेझिस्टर असतो, त्यावरून केबलची क्षमता कळते. हे बोलणं पूर्ण झालं, अर्थ सापडला, प्लग नीट बसला आणि गाडीने होकार दिला, की मगच बॉक्समधला कॉन्टॅक्टर, म्हणजे आपोआप लागणारा स्विच, 'टक्' करून लागतो आणि वीज पुढे जाते. तोवर हातातला कनेक्टर मेलेला असतो. पावसात ओल्या हाताने धरला तरी त्यात करंट नाही.

तीन पिनच्या सॉकेटमध्ये यातलं काहीच नाही. पोर्टेबल चार्जरच्या केबलवर जो डबा असतो तो गाडीशी बोलतो, गाडीकडची बाजू सांभाळतो. पण डब्याच्या मागे भिंतीत काय आहे हे त्याला पूर्ण कळत नाही. मागची वायर दीड एमएमची (म्हणजे चौरस मिलिमीटरची) आहे की चारची, सॉकेटच्या आतल्या पट्ट्या घट्ट आहेत की सैल, वरच्या जंक्शन बॉक्समध्ये कोणी वायरी नुसत्या पिळून टेप गुंडाळून ठेवल्या आहेत का, यातलं काही त्याला दिसत नाही. तो आपला सव्वाचौदा-पंधरा अँपियर ओढत राहतो.

इथे वायरमन लोक हमखास म्हणतात, 'अहो, गीझर चालतो की त्याच पॉइंटवर!' चालतो, पण गीझर पंधरा-वीस मिनिटांत कट होतो. गाडी रात्री दहाला लावली तर पहाटेपर्यंत तेवढाच करंट सलग ओढते. सॉकेटच्या पट्टीत आणि पिनेत संपर्क थोडा खराब झाला, समजा ०.१ ओहमचा अडथळा आला, तर १५ अँपियरला तिथे साडेबावीस वॅट उष्णता तयार होते. म्हणजे प्लास्टिकच्या डबीत २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न रात्रभर चालू ठेवल्यासारखं. पट्टी तापली की तिचा स्प्रिंगपणा जातो, संपर्क आणखी सैल होतो, आणखी तापतो. एमसीबीला, म्हणजे जास्त करंट गेला की पडणाऱ्या स्विचला, यातलं काही कळत नाही, कारण करंट १५ च्या वर गेलेलाच नसतो.

असा सॉकेट उघडल्यावर काय दिसतं ते सांगतो, म्हणजे तुमचा तुम्हाला ओळखता येईल. बाहेरून फेजच्या भोकाभोवती चहाच्या डागासारखी तपकिरी कड येते. प्लग काढला तर एक पीन चकचकीत आणि दुसरी निळसर-काळी. आत स्क्रूजवळ वायरचं इन्सुलेशन अर्धा-पाऊण इंच कडक होऊन तडकलेलं. तांब्याच्या तारा काळ्या, नखाने खरवडल्या तरी लाल होत नाहीत. ती वायर मागे चांगली लागेपर्यंत कापावी लागते. नुसता सॉकेट बदलून दिला तर दोन महिन्यांत तोही जळतो, कारण काळ्या पडलेल्या तारेवर नवा स्क्रू कितीही आवळला तरी संपर्क येत नाही.

तरीही सोळाचा पॉइंट वाईट आहे असं मी म्हणणार नाही. नीट केला तर वर्षानुवर्षं चालतो. नीट म्हणजे: डीबीतून (घरातल्या एमसीबींच्या पेटीतून) थेट स्वतंत्र सर्किट, मध्ये एकही जोड नाही, चार एमएमची तांब्याची वायर, स्वतःचा एमसीबी आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), नामांकित कंपनीचा जाड पट्ट्यांचा १६ अँपियरचा सॉकेट, आणि त्या सॉकेटवर दुसरं काहीही नाही. चार्जरचा डबा प्लगवर लोंबकळू द्यायचा नाही. त्याच्या वजनाने प्लग रोज खाली ओढला जातो आणि पट्ट्या सैल होतात. शेजारी एक मजबूत हुक मारा, डबा त्यावर अडकवा. पन्नास रुपयांच्या हुकने सॉकेटचं आयुष्य कितीतरी वाढतं. एक्स्टेंशन बोर्ड कधीच नाही, गुंडाळलेली वायर तर नाहीच नाही, कारण वेटोळ्यातली उष्णता बाहेर पडायला जागा नसते.

निळ्या इंडस्ट्रियल सॉकेटबद्दल तुमच्या मित्राचं म्हणणं चुकीचं नाही. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये ज्याने काम केलं आहे त्याला त्या सॉकेटवर विश्वास वाटतो आणि तो योग्यच आहे. पिना गोल आणि जाड, पकड घट्ट, झाकण स्प्रिंगचं, आत पाणी जात नाही. आयईसी ६०३०९ या मानकातला हा सॉकेट २०१७ च्या भारत एसी-००१ चार्जरमध्येही निवडला गेला होता, ३.३ किलोवॅटसाठी. अडचण एकच. गाडीसोबत येणाऱ्या पोर्टेबल चार्जरला तीन पिनचाच प्लग असतो. तो कापून इंडस्ट्रियल प्लग लावला की वॉरंटी गेली. काही चार्जरच्या प्लगमध्ये तापमान मोजणारा सेन्सर असतो, तोही कापला जातो. मध्ये ॲडॉप्टर घातला तर एक सैल जोड टाळायला गेलो आणि दोन आणले. त्यामुळे नव्या गाडीला मी हा पर्याय सुचवत नाही. इंडस्ट्रियल प्लग असलेलाच पोर्टेबल चार्जर कंपनीकडून मिळत असेल तर मात्र जरूर घ्या. शेतावरच्या घराला, उघड्या पडवीला तो उत्तम.

आता वॉल बॉक्स. शोरूमवाले साडेसात किलोवॅट म्हणतात, पण ते ३२ अँपियर आहेत हे कोणी सांगत नाही. बाहेर जाऊन तुमच्या मीटरवर काय छापलंय ते वाचा. बऱ्याच सिंगल फेज मीटरवर '५-३० ए' लिहिलेलं असतं. म्हणजे मीटरची वरची मर्यादाच ३० अँपियर. गाडी एकटी ३२ मागते. त्यात उन्हाळ्याच्या रात्री दीड टनाचा एसी सात-आठ अँपियर, पहाटे गीझर नऊ ते तेरा, पाण्याची मोटार लागली तर आणखी पाच. मग वीजबिल काढा आणि 'मंजूर भार' या रकान्यात काय आहे ते बघा. जुन्या घरांत तो एक-दोन किलोवॅट असणं अगदी नेहमीचं आहे. अशा जोडणीवर ३२ अँपियरचा बॉक्स लावला तर आधी मीटरचे टर्मिनल तापतात, मग खांबापासून येणारी सर्व्हिस वायर. बॉक्स मात्र दिसायला छान, हिरवा दिवा लावून उभा असतो.

म्हणून तुमच्यासाठी माझं उत्तर असं. बॉक्स टाईप २ चा, ७.४ किलोवॅटचाच घ्या, पण सुरुवातीला १६ अँपियरवर सेट करून घ्या. जवळजवळ सगळ्या चांगल्या बॉक्समध्ये आतल्या स्विचने किंवा ॲपवरून करंट कमी करता येतो. मग पायलटवरून गाडीला १६ चीच परवानगी जाते आणि गाडी त्याच्या वर एक अँपियर ओढत नाही. १६ अँपियर म्हणजे ३.७ किलोवॅट, म्हणजे पोर्टेबलपेक्षा थोडं जास्तच, आणि मधला तापणारा सॉकेटही गेला. त्यासाठीही तुमचा मंजूर भार कमी असेल तर तो वाढवून घ्यावा लागेल. महावितरणकडे भारवाढीचा अर्ज ऑनलाइन होतो, लायसन्सधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट लागतो. पुढे मीटर बदलला किंवा थ्री फेज घेतलं की बॉक्स तोच ठेवून ३२ वर न्या. वायर मात्र आजच ३२ च्या हिशेबाने ओढा, भिंत पुन्हा फोडायला नको.

३.७ किलोवॅट पुरेल का, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. पाथर्डी फाट्याहून रोज सिन्नर एमआयडीसीला जाऊन-येऊन साठ किलोमीटर धरा. आपल्याकडच्या मध्यम आकाराच्या गाड्या एका युनिटला सहा-सात-आठ किलोमीटर देतात. म्हणजे रोज आठ-दहा युनिट, चार्जिंगमधली गळती धरून अकरा. तीन तासांत भागतं. अगदी मुंबईहून कसारा चढून रात्री रिकामी होऊन आलात आणि चाळीस युनिटच्या बॅटरीत वीसपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत भरायचं असलं तरी सात-आठ तास, म्हणजे एक रात्र. सकाळी निघायच्या वेळेला काम झालेलं असतं. गाडीच्या आतला चार्जर किती घेतो हेही तपासा. काही गाड्यांच्या खालच्या मॉडेलमध्ये तो ३.३ किलोवॅटचाच असतो. मग भिंतीवर २२ किलोवॅटचा बॉक्स लावलात तरी गाडी ३.३ च घेणार, कारण एसीचं डीसी करायचं काम गाडी स्वतः करते.

थ्री फेज घ्यायचं का? ११ किलोवॅटचा चार्जर आत असलेल्या गाड्या आता येतात, क्रेटा इलेक्ट्रिकमध्ये तो पर्याय आहे, महिंद्राच्या बीई ६ मध्येही ११.२ चा आहे. त्यांना थ्री फेजचा उपयोग होतो. ७.२ ची गाडी थ्री फेज बॉक्सला लावली तर ती तीनपैकी एकाच फेजवरून ३२ अँपियर ओढते, बाकीच्या दोन नुसत्या बसून राहतात. मग त्या फेजवरचे एसी-गीझर दुसऱ्या फेजवर हलवावे लागतात. थ्री फेजचा स्थिर आकारही जास्त असतो. फक्त गाडीसाठी म्हणून मी थ्री फेज घ्यायला सांगत नाही. घरात तीन एसी असतील, वर मजला चढवायचा असेल, तर मात्र घ्या.

वायरचं सांगून ठेवतो, कारण इथेच सगळी काटकसर होते. ३२ अँपियरला कमीत कमी सहा एमएम तांबं. पण डीबीपासून पार्किंग चाळीस मीटर लांब असेल तर सहा एमएममध्ये आठ-साडेआठ व्होल्ट वाटेतच जातात, दहा एमएममध्ये पाच. पाथर्डी, गौळाणे, म्हसरूळच्या कडेला उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज आधीच पडलेलं असतं, तिथे हे आठ व्होल्ट महाग पडतात. वीस मीटरपर्यंत सहा, त्यापुढे दहा, असा माझा नेम आहे. एमसीबी ४० चा, सी कर्व्हचा. आरसीसीबी ३० मिलिअँपियरचा घ्या आणि त्यावर 'टाईप ए' लिहिलंय हे स्वतः बघा. दुकानात न मागता मिळतो तो टाईप एसी. गाडीच्या चार्जरमधून गळणारा करंट नेहमी साधा एसी नसतो, त्यात डीसीचा अंश असू शकतो, आणि तो टाईप एसीला आंधळा करतो. सहा मिलिअँपियरच्या वरची डीसी गळती ओळखून बंद होण्याची सोय बॉक्सच्या आतच आहे का, हे विकणाऱ्याला विचारा. असेल तर बाहेर टाईप ए पुरतो, नसेल तर महागडा टाईप बी लावावा लागतो.

आणि आता अर्थिंग. बाकी काही विसरलात तरी चालेल, पण हा भाग सावकाश वाचा.

आपलं नाशिक बेसॉल्टवर बसलं आहे. वर हातभर काळी माती, मग मुरूम, मग पाषाण. पावसाळ्यात अर्थिंगचा खड्डा छान वाचन देतो, एप्रिल-मेमध्ये तोच खड्डा कोरडा पडून रेझिस्टन्स कितीतरी पटीने वर जातो. बऱ्याच रो हाऊसमध्ये तर खड्डाच नसतो. मीटरच्या पाटीमागे एक हिरवी वायर भिंतीत शिरलेली दिसते आणि आत दोन फुटांवर संपलेली असते. गीझर, फ्रिज, टीव्ही यांना फरक पडत नाही, म्हणून वीस वर्षं कोणाला कळतही नाही. गाडीचा चार्जर मात्र सुरू होण्याआधी अर्थ शोधतो. सापडला नाही की लाल दिवा. आणि मालकाला वाटतं, चार्जर खराब आहे.

मग कोणीतरी 'जुगाड' सुचवतो. सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थच्या पिनेत वायरचा तुकडा टाकायचा. लाल दिवा जातो, गाडी चार्ज होते, सगळे खूश. ऑनलाइन याच कामाचे तयार ॲडॉप्टरही विकले जातात. हात जोडून सांगतो, हे करू नका, कोणाला करू देऊ नका. गाडीचा पत्रा अर्थच्या पिनेला जोडलेला असतो. न्यूट्रल मागे कुठे सुटली, मीटरपाशी, खांबावर, कुठेही, तर चार्जरमधून फिरून आलेला फेज त्या तुकड्यातून थेट पत्र्यावर येतो. जुन्या घरांत सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे लावलेले सर्रास सापडतात. तिथे तर न्यूट्रल सुटायचीही गरज नाही, पहिल्या मिनिटापासून पत्र्यावर २३० व्होल्ट. टायर रबरी असल्यामुळे गाडी नुसती उभी राहते, काही दिसत नाही. पार्किंगच्या ओल्या फरशीवर अनवाणी पायाने आलेलं मूल दाराला हात लावतं, तेव्हा तो करंट त्याच्या अंगातून जमिनीत जातो.

नवा अर्थ पिट करा. कॉपर बाँडेड (तांब्याचा थर दिलेला) रॉड, भोवती बेंटोनाइटचं, म्हणजे ओल धरून ठेवणाऱ्या मातीचं, कंपाउंड, वर पाणी घालायला चेंबर. रॉड मुरमाच्या खाली ओलाव्यापर्यंत गेला पाहिजे. पाषाण लागला तर एकाऐवजी दोन-तीन रॉड अंतरावर मारून जोडा. मी पाच ओहमच्या आत आणल्याशिवाय काम सोडत नाही, आणि न्यूट्रल-अर्थमधलं व्होल्टेज लोड चालू असताना दोन-तीन व्होल्टच्या आत बघतो. हे वाचन उन्हाळ्यात घ्यायला सांगा, किंवा निदान उन्हाळ्यात पुन्हा एकदा घ्या. कॉन्ट्रॅक्टरकडे अर्थ टेस्टर नसेल आणि तो बल्ब लावून 'बघा, पेटला' म्हणत असेल, तर दुसरा कॉन्ट्रॅक्टर शोधा.

बॉक्स घेताना एक बारीक निवड राहते: केबल कायमची जोडलेला की नुसता सॉकेट असलेला. स्वतःच्या घरी एकच गाडी असेल तर केबल जोडलेला घ्या. रोज डिकीतून केबल काढायचा कंटाळा आला की माणूस पोर्टेबलवर परत जातो. केबल पाच मीटरची असते, पण आधी गाडीचं तोंड कुठे आहे ते बघा. एमजी झेडएस, कॉमेट, क्रेटा यांचं पुढे नाकावर आहे, काही गाड्यांचं मागे बाजूला. तुम्ही गाडी नाक आत करून लावता की पाठ आत करून, त्यावर बॉक्सची भिंत ठरते. पाऊस तिरका येतो ती भिंत टाळा.

भावाच्या सोसायटीचं. तिथे उलट मी सॉकेटवाला बॉक्स सांगेन, केबल ज्याची त्याने आणायची. आपल्याकडच्या बहुतेक अपार्टमेंटमध्ये मीटर रूम पार्किंगच्याच पातळीवर असते, हा मोठा फायदा आहे. त्याच्या स्वतःच्या मीटरनंतर, मीटर रूममध्येच एक छोटी पेटी बसवायची, त्यात एमसीबी आणि आरसीसीबी, आणि तिथून थेट त्याच्या पार्किंगच्या खांबापर्यंत पाइपातून केबल. अर्थची वायर मीटर रूममधल्या मुख्य अर्थ बारपासून वेगळी आणायची. लिफ्टच्या किंवा पार्किंगच्या दिव्याच्या लाइनवरून जोड घ्यायचा नाही, घेतला तर भांडणं आणि ट्रिपिंग दोन्ही चुकत नाहीत. बिल त्याच्याच मीटरवर येतं, त्यामुळे कोणाच्या विजेवर कोण चार्ज करतो हा वाद राहत नाही. स्वतःच्या जागेत स्वतःच्या जोडणीवरून स्वतःची गाडी चार्ज करायला मुभा आहे, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं होतं. दर घरगुतीच लागतो. कमिटीसमोर जाताना केबलचा मार्ग काढलेला नकाशा आणि कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स सोबत न्यायला सांगा. कमिटीची भीती बहुतेक वेळा आगीची असते आणि ती रास्त असते. तिला कागदाने उत्तर द्यायचं.

दर घरगुती म्हणजे स्लॅबही घरगुती. महिन्याला हजार किलोमीटर चाललात तर दीडशे-पावणेदोनशे युनिट वाढतात आणि वरच्या स्लॅबचा दर लागायला लागतो. तो हिशेब आधीच धरा. स्मार्ट मीटर बसला असेल तर सकाळी नऊ ते संध्याकाळी पाचच्या वापराला सवलत मिळते. रविवारी गाडी दुपारी लावायची सवय तेवढ्यासाठी चांगली. छतावर सोलर असेल तर बोलायलाच नको.

राहिली वडिलांची स्कूटर. बहुतेक स्कूटरचा घरचा चार्जर एक किलोवॅटच्या आसपास किंवा त्याहून कमी, साध्या तीन पिनच्या प्लगचा असतो. दुचाकींमध्ये चारचाकीसारखी एकवाक्यता अजून आलेली नाही. एथरने विकसित केलेल्या एसी-डीसी एकत्र कनेक्टरला २०२३ मध्ये बीआयएसने, म्हणजे भारतीय मानक ब्युरोने, मानक म्हणून मान्यता दिली आणि हीरोची विडाही तोच वापरते, पण बाकीच्यांचे आपापले आहेत. घरी त्याने काही अडत नाही, कारण भिंतीकडे सगळ्यांना तीन पिनाच लागतात. स्कूटरसाठी १६ अँपियरचा वेगळा पॉइंट काढा, अडीच एमएमची वायर, १६ चा एमसीबी, आरसीसीबीच्या मागे. तोच पॉइंट चार एमएमने ओढला तर पोर्टेबल चार्जरचा राखीव पॉइंटही होतो, वॉल बॉक्स बिघडलाच तर गाडी अडत नाही. फक्त दोन्ही एका वेळी लावायचे नाहीत. वॉल बॉक्सच्या टाईप २ कनेक्टरला तीन पिनचा सॉकेट जोडून देणारा ॲडॉप्टर बाजारात मिळतो, स्कूटरवाले तो हौसेने घेतात. तो आत एक रेझिस्टर घालून बॉक्सला 'मी गाडी आहे' असं भासवतो, आणि बॉक्स ३२ अँपियरची लाइन त्या १६ च्या सॉकेटवर मोकळी सोडतो. स्कूटरच्या चार्जरमध्ये बिघाड झाला तर मागचा ४० चा एमसीबी पडायच्या आधी ती बारीक वायर पेटलेली असेल. तो ॲडॉप्टर घेऊ नका.